प्रियोळकरांच्या मागावर एक दिवस: पणजी, जुनं गोवं, प्रियोळ, रायतूर (टूरचा रिव्ह्यू)

आधी सरळ सांगते, पैसे वसूल आहेत. माणशी १८०० रुपये, त्यात गाडी, दुपारचं जेवण, पाण्याची बाटली आणि झेरॉक्सचा एक जाड गठ्ठा. आणि खरं सांगायचं तर तो गठ्ठाच या टूरचा जीव आहे, बाकी चर्च आणि देवळं गोव्यात कोणीही दाखवतं. टूर चालवतात ते फोंड्याकडचे एक रिटायर्ड हायस्कूल मास्तर, सगळे त्यांना सरच म्हणतात, जाहिरात वगैरे काही नाही, ओळखीओळखीतून लोक येतात आणि बारा-चौदा जण झाले की एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून निघतात. नाव छापू नको म्हणाले म्हणून नाव देत नाही, पणजी-फोंड्यात पुस्तकं वाचणाऱ्या कोणालाही विचारा, कळेल.

विषय एकच, अ. का. प्रियोळकर. अनंत काकबा प्रियोळकर, जन्म १८९५, गाव प्रियोळ, फोंडा तालुका. गोव्यातल्या मराठी माणसाला नाव माहीत असतं, कारवारच्या १९५१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते एवढंही काहींना माहीत असतं, पण त्यांनी नेमकं काय केलं विचारलं तर बहुतेक जण एकाच पुस्तकाचं नाव घेतात, इन्क्विझिशनवरचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या धर्मन्यायालयावरचं, आणि तेही न वाचता. हल्ली तर त्या पुस्तकातले उतारे फॉरवर्डमध्ये फिरतात, कुठलं पान, कुठला संदर्भ काही पत्ता नसतो, खाली लाल अक्षरात दोन ओळी आणि हात जोडलेले इमोजी. मला हे बघून फार वाईट वाटतं कारण हा माणूस आयुष्यभर नेमकं ह्याच्या उलट करत होता. एक एक हस्तलिखित समोर ठेवून पाठ ताडून बघायचा, मगच लिहायचा. रघुनाथ पंडितांच्या दमयंती स्वयंवराची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९३५ ची आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या गोव्यातल्या इतिहासाकडे वळले तेव्हा हाताला ती शिस्त आधीच लागलेली होती. सरांनी गाडीत बसल्या बसल्या पहिली गोष्ट हीच सांगितली, की हे आधी पाठचिकित्सक होते आणि मग इतिहासकार, हे डोक्यात ठेवा, दिवसभर उपयोगी पडेल. आणि खरंच पडलं.

पणजीत कदंब स्टँडजवळून सकाळी साडेसातला गाडी सुटते. रायबंदर मार्गे जुन्या गोव्यात पोचलो तर मला वाटलं आधी बॉं जेझूसच्या चर्चमध्ये नेतील, सगळे तिथेच नेतात. सरांनी गाडी थेट सेंट पॉल कॉलेजच्या कमानीपाशी लावली. तिथे कोणी नसतं, टुरिस्टच्या लिस्टमध्ये ती जागा येत नाही, रस्त्याच्या कडेला जांभ्या दगडाची एक उंच दर्शनी भिंत उरलीय, मधून आरपार आभाळ दिसतं, मागे काही नाही. भारतातला पहिला छापखाना ह्या कॉलेजात बसला, १५५६ साली. निघाला होता अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, तिकडे नेमलेल्या धर्मगुरूंबरोबर जहाजातून जात होता, पण तिकडची परिस्थिती बिघडली आणि छापखाना इथेच राहिला. हुआन दे बुस्तामांते नावाचा छापणारा बरोबर होता आणि पोर्तुगालात राहून आलेला एक भारतीय माणूसही मदतीला होता, असं त्या काळच्या पत्रांत आहे. ह्या सगळ्याला ४०० वर्षं झाली म्हणून प्रियोळकरांनी भारतातल्या छापखान्यांवर मोठं इंग्रजी पुस्तक केलं, १९५८ ला मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाकडून ते निघालं, मंडळाचे ते संचालक होते.

हे सगळं वाचून माहीत असणं वेगळं आणि त्या कमानीखाली उभं राहून ऐकणं वेगळं. सर ह्या जागी फार वेळ घेतात आणि घ्यावाच. गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं, त्याची दोन पानं गठ्ठ्यात आहेत. पोर्तुगीज कोणाला येत नव्हतं, तरी सगळे त्या झेरॉक्सवर वाकून अक्षरं बघत होते.

मग से कॅथेड्रलसमोरचं मैदान. इथे इन्क्विझिशनचा वाडा होता, आदिलशहाच्या काळचा राजवाडा तो, नंतर व्हाइसरॉय राहायचे, मग १५६० पासून इन्क्विझिशन. लोक त्याला व्हडलें घर, म्हणजे मोठं घर, म्हणायचे. आज तिथे हिरवळ आहे, माळी पाणी घालत होता, शाळेची सहल डबे उघडून बसली होती. सर उगाच आवाज खाली आणून नाटकी काही बोलले नाहीत, गठ्ठ्यातलं एक पान काढायला सांगितलं आणि सगळ्यांकडून एक एक ओळ वाचून घेतली. १७३६ चं इन्क्विझिशनचं फर्मान, प्रियोळकरांच्या पुस्तकात आहे, इंग्रजी भाषांतर, शेजारी सरांनी हाताने लिहिलेलं मराठी. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. घराच्या आवारात तुळस लावायची नाही. पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही. माझ्या वाट्याला जी ओळ आली ती अशी, की भात शिजवताना हिंदूंसारखा बिनमिठाचा शिजवायचा नाही.

मी ती ओळ वाचली आणि पुढचं मला वाचवेना. डिचोलीला आमच्या घरी आजही भातात मीठ घालत नाहीत, कोणी कधी विचारही करत नाही त्याचा, आणि इथे कोणीतरी त्यावरून शेजारणीची चुगली करू शकत होतं. तुरुंग, जाळणं, ह्या गोष्टी ऐकून आपण हादरतो पण त्या लांबच्या वाटतात, हे मीठ मात्र थेट आमच्या स्वयंपाकघरात आलं. प्रियोळकर इथे काही भाष्य करत नाहीत, फर्मान आख्खं देतात, कलमं ओळीने. मला वाटतं तेच जास्त लागतं.

आमच्या गाडीत म्हापशाचा एक मुलगा होता, इंजिनिअरिंगचा, तो मोबाईलवर रील्स बघूनच आलेला, तो एकदम तापला आणि हे लोक असेच वगैरे बोलायला लागला. गाडीत मडगावकडच्या एक कॅथलिक टीचर होत्या, पन्नाशीच्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, हांव गाळी आयकुंक येवंक ना हां." सगळे गप्प. इथे दुसरा कुठला गाईड असता तर विषय बदलून गाडीत बसवलं असतं. सर त्या मुलाला म्हणाले, बाबू, ह्या फर्मानाने त्रास कोणाला झाला ते नीट वाच. तुळस कोणाच्या आवारात बंद झाली, ओव्या कोणाच्या लग्नात बंद झाल्या? बाटलेल्यांच्या. इन्क्विझिशनच्या कोर्टात उभे राहिले त्यात सुरुवातीला ज्यू मुळाचे पोर्तुगीज होते आणि मग मोठ्या संख्येने इथलेच ख्रिस्ती झालेले लोक, जुन्या चालीरीती सुटल्या नाहीत म्हणून पकडलेले. म्हणजे ह्यांचे पूर्वज, असं म्हणून त्यांनी टीचरांकडे हात केला. हिंदूंनाही त्रास झाला, देवळं पाडली, सण-समारंभांवर बंदी आली, ते पुस्तकात आहेच, पण तुरुंगात सडले त्यात हे जास्त होते. मुलगा ओशाळला बिचारा, नंतर दिवसभर टीचरांची पिशवी तोच धरत होता.

एक गोष्ट सरांची मला फार आवडली, ते प्रियोळकरांना देव करत नाहीत. पुस्तकाची अडचण स्वतःच सांगितली, की गोव्यातलं इन्क्विझिशनचं दफ्तर १८१२ ला ते बंद झाल्यावर जवळजवळ सगळं नष्ट झालं, त्यामुळे प्रियोळकरांना आतल्या कागदांवर काम करताच आलं नाही, मग फर्मानं, पत्रं आणि डेलॉनसारख्यांचे अनुभव ह्यावर बरंच उभं करावं लागलं. डेलॉन हा फ्रेंच वैद्य, १६७४ पासून इथल्या कोठडीत होता, १६७६ च्या जानेवारीत ऑटो द फे मध्ये, म्हणजे इन्क्विझिशनच्या जाहीर समारंभात, शिक्षा सुनावून बाहेर काढला, तो स्वतः भोगलेला माणूस, त्याचं सांगणं मोलाचं, पण ते एकट्या माणसाचं सांगणं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. लिस्बनला मात्र काही याद्या राहिल्यात. जुआंव देल्गादु फिगेयरा नावाच्या इथल्याच इन्क्विझिटरने १६२३ ला ३८०० खटल्यांची यादी केली, ती आहे, आणि पुढच्या संशोधकांनी १५६१ ते १७७४ मध्ये १६ हजारांवर माणसांवर खटले झाल्याचं काढलं. हे आकडे प्रियोळकरांच्या पुस्तकानंतरचे. बॉं जेझूसमध्ये शेवटी गेलोच, तिथेही सरांनी फ्रान्सिस झेवियरबद्दल दोन्ही बाजू सांगितल्या, की गोव्याला इन्क्विझिशन पाठवा असं त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं हे खरं, पण ते १५५२ ला वारले आणि इन्क्विझिशन आलं त्यानंतर आठ वर्षांनी, त्यामुळे त्यांनी लोकांना छळलं असं जे सर्रास बोलतात ते चूक. इतकं सरळ मी कुठल्याच गाईडकडून ऐकलं नव्हतं.

तिथून बाणस्तारीचा पूल ओलांडून प्रियोळ. अंतर काहीच नाही, पण पूल ओलांडताना सर म्हणाले, आता बघा, आपण राज्य बदललं. १५६० ला हे पाणी म्हणजे सरहद्द होती, अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. कुठ्ठाळीचा मंगेश ह्याच सुमाराला पलीकडे प्रियोळात आणला. मंगेशीला आपण सगळे लहानपणापासून जातो, दीपस्तंभापाशी फोटो काढतो, पण तो देव तिथला मूळचा नाही, सगळं मागे ठेवून रातोरात आलेला आहे, हे सकाळी व्हडल्या घराच्या जागेवर उभं राहून दुपारी मंगेशीला आलं की अंगावर येतं. फोंडा पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकात, तोवर जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधीच घेतलेल्या भागांत, जे झालं तसं इथे घडायचं राहून गेलं होतं. असल्या गावात प्रियोळकर जन्मले. सर म्हणाले, ह्या माणसाला हा विषय शोधायला लायब्ररीत जावं लागलं नाही, गावच्या देवानेच सांगितला. मला पटलं.

टूरमध्ये घर दाखव, खोली दाखव असला प्रकार नाही. देवळाबाहेर सावलीत बसून सर त्यांचं आयुष्य सांगतात. मुंबई, संशोधन मंडळ, मग एकोणिसाव्या शतकातले दादोबा पांडुरंग आणि भाऊ दाजी, त्या काळची सुधारकांची परमहंस सभा, ह्यांवरची कामं. ते सगळं सांगून होतं पण पटकन होतं, इथे मला आणखी हवं होतं. परमहंस सभेचं पुस्तक १९६६ चं, भाऊ दाजींचं १९७१ चं, म्हणजे पंचाहत्तरीतही काम चालूच, आणि १९७३ मध्ये गेले. एवढ्या वयात कागद कुठून मिळवत होते, कोण मदत करायचं, ह्यावर तासभर ऐकायला मी बसले असते.

जेवण फोंड्याच्या अलीकडे एका साध्या खाणावळीत. बांगड्याचं हुमण, सुंगटांची किसमूर, सोलकढी, शाकाहारी असाल तर आधी सांगा, मग खतखतं मिळतं. छान होतं, पुढे जाऊया.

बोरीचा पूल ओलांडून रायतूरला, म्हणजे राशोलला, पोचलो तोवर तीन वाजले होते. जुन्या किल्ल्याची कमान अजून आहे, तिच्यातून गाडी आत जाते, वर टेकडीवर सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा. इथेच १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे मराठी ओव्यांत सांगितलेलं बायबल, छापलं. इंग्लंडचा माणूस, १५७९ ला गोव्यात आला, चाळीस वर्षं इथे काढली, १६१९ ला इथेच वारला, आणि लिहिल्या जवळजवळ ११ हजार ओव्या. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज कुठे नाही, १६४९ आणि १६५४ ला परत छापलं त्यांच्याही नाहीत.

पायऱ्यांवर बसून सरांनी १९०७ च्या मंगळूर आवृत्तीचं पान काढायला सांगितलं. ते रोमन लिपीत आहे. आम्ही सगळे मराठी शाळेत शिकलेले, एकाला धड वाचता येईना, प्रत्येक शब्दाला अडखळत होतो. मडगावच्या टीचरांनी पान घेतलं आणि धडाधड वाचून दाखवलं, त्यांचं सगळं प्रार्थनेचं वाचन रोमीतच, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, त्यांना काय अवघड. पण अर्थ त्यांना सगळा लागत नव्हता, तो आम्हाला कळत होता. त्या एक ओवी वाचायच्या, म्हापशाचा मुलगा अर्थ सांगायचा. जैसी हरळांमाजी रत्नकिळा, कीं रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भासांमाजी चोखळा, भासा मराठी. शाळेत पाठ केलेली ओवी, आम्ही सगळ्यांनी ती टीचरांबरोबर मोठ्याने म्हटली. दिवसातला सगळ्यात सुंदर वेळ तो.

आणि इथेच सरांनी छापखान्याच्या पुस्तकातलं एक पत्र वाचलं. स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला लिहिलं, की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापली जावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे, अडचण ही की युरोपात २४ अक्षरांत भागतं आणि इथे ६०० साचे पाडावे लागतील. साचे काही झाले नाहीत, म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. हे पत्र लोकांसमोर मांडणारे प्रियोळकर, आणि १७३६ चं ओव्या बंद करणारं फर्मान मांडणारेही तेच. ज्या ओवीवर इन्क्विझिशनने बंदी घातली त्याच ओवीत शंभर-सव्वाशे वर्षं आधी एका पाद्र्याने बायबल सांगितलं होतं. छापखान्याचं पुस्तक १९५८, इन्क्विझिशनचं १९६१, मधे तीन वर्षं. दोन्ही ४०० व्या वर्षाच्या निमित्ताने. एकाच टेबलावर, एकाच शाईने लिहिलेली पुस्तकं आहेत ती, आणि आपण त्यातलं एकच उचलून एकमेकांवर फेकतो. पाद्र्यांनी केलेलं चांगलं काम लिहिताना ह्या माणसाने हात आखडता घेतला नाही आणि वाईट लिहितानाही नाही. ख्रिस्ती मराठीवर एवढं प्रेम करणारा माणूस दुसरा दाखवा मला, सांतु आंतोनीची, म्हणजे संत अँथनीची, जुनी मराठी कथासुद्धा त्यांनीच संपादून परत छापली.

आता तक्रारी. आवाज. सरांचा आवाज मुळात बारीक, जुन्या गोव्यात गर्दीत मागच्या चौघांना काही ऐकू येत नाही, छोटा स्पीकर कमरेला लावायला काय हरकत आहे. गठ्ठ्यातली काही पानं इतकी फिकट की भिंग लागेल, पीडीएफ आधी पाठवली तर झूम करून तरी वाचता येईल. आणि मुख्य म्हणजे कोंकणी-मराठीचा विषय सरांनी टाळला. प्रियोळकर कोंकणीला मराठीची बोली मानायचे, त्यावरून गोव्यात आजही लोक त्यांच्यावर रागावतात, मडगावच्या टीचर समोर होत्या म्हणून असेल, सर गप्प बसले. गप्प बसायला नको होतं. कारण कोंकणीचा मोठा कैवारी कुन्या रिवारा, त्याचा कोंकणीवरचा १८५८ चा निबंध, त्याचं इंग्रजी भाषांतर प्रियोळकरांनी आपल्याच छापखान्याच्या पुस्तकात जोडलंय. आपल्या मताच्या विरुद्ध बाजूचा दारूगोळा स्वतःच्या पुस्तकात छापणारा माणूस! हे सांगितलं असतं तर टीचरांनाही आवडलं असतं. मी परतीच्या वाटेत गाडीत ते त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तशें? म्हाका तें बूक जाय." म्हणजे मला ते पुस्तक हवं. सरांनी ऐकलं आणि नुसतं हसले, पुढच्या खेपेला घेतील बहुतेक.

कोणी जावं? ज्यांना एका दिवसात दहा चर्च करायचीत त्यांनी नको. शाळा-कॉलेजातल्या इतिहासाच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी जरूर जावं, आणि शक्य असेल तर वेगळ्या धर्माच्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला बरोबर न्यावं, निम्मी टूर त्यांच्या प्रश्नांतूनच होते. लहान मुलं कंटाळतील. जायच्या आधी पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात दोन-तीन दुपारी बसा, १८३२ पासूनची लायब्ररी आहे आणि गोव्यावरची पुस्तकं मुबलक, आधी छापखान्याचं वाचा आणि मग इन्क्विझिशनचं, ह्याच क्रमाने. उलट क्रमाने वाचलेले लोक गाडीत लगेच ओळखू येतात.

टूर पावसाळ्यात बंद असते. नोव्हेंबरअखेर ते ३ डिसेंबर टाळा, गोंयच्या सायबाच्या, म्हणजे फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते आणि गाडी लांब लावून चालावं लागतं. रायतूरची सेमिनरी चालू आहे, आत मुलं शिकतात, त्यामुळे जिथे सोडतील तिथपर्यंतच जायचं, खांदे-गुडघे झाकलेले कपडे, फोन सायलेंट. मंगेशीलाही तेच. टोपी न्या, सेंट पॉलच्या कमानीपाशी सावली अजिबात नाही. पैसे रोख द्यावे लागतात, सरांना यूपीआय जमत नाही.